ठराव लिहिला जातो तेव्हा आपण कुठे असतो?

चौसाळ्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात रविवारी संध्याकाळी बसलात तर आपल्या पोरांच्या गप्पांत सगळं जग येतं. गाझा येतं, वक्फचा कायदा येतो, आयपीएल येतं, बीडच्या राजकारणात कोण कुणासोबत गेलं ते येतं. ग्रामसभा येत नाही. मागच्या वेळी मी मुद्दाम विषय काढला. एक जण कप ठेवत म्हणाला, "हमना क्या करना उसमें? वो तो उनका चलता रहता." दुसरे हसले. मीही हसलो, कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो.

चौसाळा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचं, बीड तालुक्यातलं बाजाराचं गाव. 2009 च्या आधी चौसाळा नावाचा विधानसभा मतदारसंघच होता. मतदारसंघांची फेररचना झाली आणि ते नाव गेलं. तरी आसपासच्या खेड्यांतल्या माणसाला खत, दवाखाना, मोबाईल दुरुस्ती, लग्नाचे कपडे, सगळ्यासाठी चौसाळा लागतं. माझं गाव तिथून थोड्याच अंतरावर. नाव लिहीत नाही, कारण मला गावाची बदनामी करायची नाही. तक्रार आहे ती आपल्याच लोकांबद्दल, आणि त्यात मी पहिला.

2023 च्या जुलैत माझे दादा गेले. आमच्या कब्रस्तानात जायची वाट ओढ्यातून जाते. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. जनाजा खांद्यावर घेऊन आम्ही गुडघाभर पाण्यातून गेलो. मधल्या एका जागी चाचांचा पाय घसरला आणि डोला एका बाजूला कलला. चार जणांनी सावरला. कुणी काही बोललं नाही. पण परत येताना सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि प्रत्येक जण ती वेगवेगळ्या शब्दांत बोलत होता: हा रस्ता का होत नाही?

अब्बांचं उत्तर तयार होतं. "किती वेळा सांगितलंय पुढाऱ्याला." खरंच सांगितलं होतं. प्रत्येक निवडणुकीच्या आधी मशिदीत बैठक व्हायची, पुढारी यायचे, शाल-टोपी व्हायची, कब्रस्तानचा रस्ता निघायचा. "करून टाकू" म्हणायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून हे चाललंय. दादा गेल्यावर मी आणि माझा मामेभाऊ तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या क्लार्कनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "ग्रामसभेचा ठराव आणलाय का?"

ठराव नव्हता. गावात येऊन भाऊसाहेबांना विचारलं. (आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, तरी लोक भाऊसाहेबच म्हणतात.) त्यांनी प्रोसिडिंग बुक काढलं. मागच्या बारा वर्षांची पानं आम्ही तिथंच बसून उलटली. पाण्याची टाकी, हायमास्ट दिवा, अंगणवाडीचं छत, सभामंडप. कब्रस्तान हा शब्द एकदाही नव्हता. कुणी तो खोडला नव्हता, कुणी विरोध केला नव्हता. आम्ही तो विषय तिथं कधी मांडलाच नव्हता. पुढाऱ्याच्या कानात बारा वेळा बोललेली गोष्ट वहीत एकदाही लिहिली गेली नव्हती, आणि सरकारला वहीतलंच वाचता येतं.

त्या दिवशी मला ग्रामसभा म्हणजे काय ते कळायला सुरुवात झाली. तुम्हालाही थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांना हे शाळेत नागरिकशास्त्रात दोन मार्कांसाठी पाठ करून विसरायला लावलंय.

गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. निवडून यावं लागत नाही. अठरा वर्षांची पोरगी आणि ऐंशी वर्षांचा पाटील यांचा हात तिथं सारखाच मोजला जातो. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानं वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. सात दिवस आधी नोटीस लावायची, दवंडी द्यायची. घरकुलाची यादी तिथं वाचली जाते, योजनांचे लाभार्थी तिथं ठरतात, वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च करायचा त्याचा आराखडा तिथं मंजूर होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात साठ टक्के बंधित निधी होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला चाळीस टक्के अबंधित, गावाच्या गरजेनुसार. मोहल्ल्यातली तुंबलेली नाली साठात बसते. एखादा रस्ता चाळीसात बसू शकतो. पण आराखड्यात नाव आलं तर.

आता खरी गोष्ट. सभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतलं जे कमी असेल ते. बहुतेक गावांत तेवढी माणसं येत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि पुन्हा बोलावली जाते. या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तेव्हा जेवढे बसलेत तेवढ्यांनी घेतलेला निर्णय गावाचा निर्णय होतो. वीस बसले तर वीस जणांचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. हजारो लोकांच्या गावाचा आराखडा एका खोलीत बसलेली वीस माणसं कायदेशीरपणे ठरवू शकतात, आणि त्या वीसमध्ये आपण का नाही याचं कारण एकच: आपण गेलो नाही.

"पण सगळं आधीच ठरलेलं असतं," हे उत्तर मला प्रत्येक वेळी मिळतं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सरपंच बाई असल्या तर त्यांच्या खुर्चीत नवरा बसतो, आणि राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव असूनही हे चालतं. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. आपल्या मोहल्ल्यात येतं तेव्हा आपणही न वाचता सही करतो, वर चहा पाजतो. म्हणजे सगळं आधी ठरवता यावं यासाठी लागणारी सही आपणच देतो.

ही न वाचता केलेली सही किती महाग पडू शकते ते बघायला फार लांब जायला नको. आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून पाथर्डी तालुका आहे. तिथल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, गाढवांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. आपल्यातले कित्येक जण त्याच जागेला शाह रमजान माही सवार म्हणून मानत आलेत. 2025 च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला की यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. बांगड्या, खेळणी, मिठाई विकून वर्षाचं गणित बसवणारी माणसं, त्यांच्याविरुद्ध गावाच्या नावानं कागद तयार झाला. मोबाईलवर आपल्या पोरांनी त्यावर खूप संताप व्यक्त केला. पण तो ठराव रद्द झाला तो गटविकास अधिकाऱ्यांच्या चौकशीत, नियम पाळले नाहीत म्हणून. सभा कशी बोलावली, विषय नोटिशीवर होता का, सह्या कशा झाल्या, हे विचारता येतं म्हणून. नोटीस आणि सह्या यांसारख्या कोरड्या गोष्टींना आपण कंटाळतो, पण त्याच तेव्हा कामाला आल्या.

त्याच्या आदल्या वर्षी, 2024 मध्ये, कोल्हापूरजवळच्या शिंगणापूरच्या ग्रामपंचायतीनं मतदारयादीत नवीन मुस्लीम नावं घेऊ नयेत असा ठराव केला होता. मतदार कोण हे ठरवायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाहीच. गदारोळ झाला, माफी मागावी लागली. संविधानाच्या बाहेर जाणारा ठराव टिकत नाही हे खरं. पण तो टिकत नाही हे सांगायला त्या खोलीत कुणी तरी उभं राहावं लागतं, आणि तेही ठराव लिहिला जाण्याआधी.

याच ग्रामसभेतून उलटी उदाहरणंही निघालीत, आणि तीही आपल्याच राज्यातली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. काही दिवसांत राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्यानं 2024 मध्ये आई-बहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड असा ठराव केला. हिवरे बाजारचं पाण्याचं काम सगळ्यांना माहीत आहे. त्या गावात एकच मुस्लीम कुटुंब आहे आणि गावानं त्या कुटुंबासाठी मशीद बांधली, ही गोष्ट मात्र आपल्या पोरांना फारशी माहीत नसते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना चटकन कळणार नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडचे ट्रक भरतात. कोयते, चिल्लीपिल्ली, भांडी घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यात आपलेही आहेत. परत येतात मार्च-एप्रिलला. आता आराखड्याचं वेळापत्रक बघा: गावाचा विकास आराखडा करण्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि पुढचे काही महिने चालते. पुढची ठरलेली सभा 26 जानेवारी. म्हणजे ज्याच्या घराला छप्पर नाही, ज्याच्या पोराची शाळा दरवर्षी निम्म्यातून सुटते, तो माणूस त्याच्या गावाचं पुढच्या वर्षाचं कागदावरचं आयुष्य ठरत असताना साखर कारखान्याच्या फडात असतो. याला कुणाची कारस्थानं लागत नाहीत. कॅलेंडरच तसं आहे. म्हणून 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या सभा आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाच्या. तेव्हा ते लोक गावात असतात. जे नंतर जाणार आहेत त्यांचे विषय त्यांच्या सहीनं आधीच लेखी देऊन ठेवायचे, पोच घ्यायची. मागे राहणाऱ्या शिकलेल्या पोरांनी एवढं काम तरी करावं.

आता आमचं काय झालं ते सांगतो. 28 सप्टेंबर 2023 ला ईद-ए-मिलाद होती. त्या वेळी जुलूसाच्या तयारीला मोहल्ल्यातली शंभर पोरं होती, रात्र-रात्र जागून लायटिंग केली. चारच दिवसांनी 2 ऑक्टोबरची सभा. मी प्रत्येकाला सांगितलं. आलो नऊ जण. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. पुढच्या सभेला आमच्यातले सहा उरले. खोलीत सगळे मिळून तेवीस जण होते, मी मोजले.

मी उभा राहिलो तेव्हा आवाज थरथरत होता. मराठीच बोलायची होती, रोज बोलतो तीच, तरी जीभ अडखळली. कब्रस्तानच्या रस्त्याचा अर्ज आम्ही आठ दिवस आधी दिला होता, त्याची पोच हातात होती. सरपंच अण्णा म्हणाले, "बघू, पुढच्या वेळी घेऊ." मी गप्प बसणार होतो. तेवढ्यात मागून मातंग वस्तीतले एक आजोबा उठले. म्हणाले, "अण्णा, आमचं मसणवट्याला जायचं पण त्याच वढ्यातून हाय. लिव्हा की दोन्ही." आम्हाला हे माहीतच नव्हतं. एकाच ओढ्यातून आपला जनाजा आणि त्यांची तिरडी जात होती, एकाच चिखलातून, आणि आम्ही कधी एकमेकांना विचारलं नव्हतं. हात वर करायला सांगितले तेव्हा तेवीसपैकी अठरा हात वर आले. आमचे फक्त सहा होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यानंतर घडली. मामेभाऊ म्हणाला, "भाऊसाहेब, लिहिलंय ते वाचून दाखवता का?" त्यांनी वाचलं: "स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता करणे." आम्ही म्हणालो, "'व कब्रस्तान' असं पण लिहा." त्यांनी लिहिलं, काही कुरकुर केली नाही. मुद्दाम गाळलं होतं असं मला वाटत नाही. सवयीनं हात जेवढं लिहितो तेवढं लिहिलं. पण ते दोन शब्द नसते तर उद्या तो रस्ता ओढ्याच्या अलीकडे संपला असता आणि आम्ही पुन्हा "आमच्यावर अन्याय होतो" म्हणत बसलो असतो.

रस्ता पूर्ण झाला असं लिहायला मला आवडलं असतं. अजून झालेला नाही. मुरूम पडलाय, पूल नाही. भिंतीचा प्रस्ताव जिल्ह्याला गेलाय. जनसुविधा योजनेतून स्मशानभूमी-दफनभूमीची कामं होतात आणि अल्पसंख्याक विभागाचीही गावांसाठी योजना आहे, पण दोन्हीकडे ठराव, जागेचा उतारा, अंदाजपत्रक असं सगळं लागतं. जागेच्या उताऱ्यावर आम्ही अडलोय. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या नोंदी. जुन्या खासरा पत्रकात एक, सातबाऱ्यावर दुसरंच, गावठाणाच्या मोजणीत तिसरं. वक्फ दुरुस्ती कायदा 2025 मध्ये आल्यापासून तर नोंद नसलेल्या जागेची काळजी आणखी वाढलीय. तुमच्या गावचं कब्रस्तान कुठल्या गटात आहे, किती गुंठे आहे, कागदावर कुणाच्या नावानं आहे, हे तुम्ही आज सांगू शकता का? आमच्या मशिदीच्या कमिटीत कुणीच सांगू शकलं नाही. ड्रोननं गावठाणाची मोजणी होते तेव्हा हद्द दाखवायला जो हजर असतो त्याचं म्हणणं नोंदवलं जातं. तेव्हा "आपल्या बुजुर्गांपासून इथंच आहे" हे कुणाच्या उपयोगी पडत नाही.

इथं एक गोष्ट आपल्याच लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. ग्रामसभेत आपण फक्त कब्रस्तान आणि ईदगाहसाठी दिसलो तर गाव आपल्याला तेवढ्यापुरतंच ओळखणार. 2011 च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात मुस्लीम सुमारे बारा टक्के. त्यातले बरेच बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव अशा शहरांत. खेड्यात आपली दहा-वीस, फार तर पन्नास घरं. आपल्या संख्येवर एकही ठराव होणार नाही. तो होणार शेजाऱ्याच्या हातानं, आणि शेजारी हात वर करतो तो ज्यानं त्याच्या पाण्याच्या पाइपलाइनसाठी हात वर केला होता त्याच्यासाठी. टँकरच्या खेपा किती झाल्या, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेला शिक्षक का नाही, आठवडी बाजाराच्या लिलावाचे पैसे कुठे गेले, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. बाजारात सगळ्यात जास्त खाली बसणारे बागवान, आतार, मणियार आपलेच आहेत, तरी बाजार लिलावाचा विषय निघतो तेव्हा त्यांच्यातला एकही तिथं नसतो.

आणि आपल्या बाया. माझी बहीण बीएड झालेली. 2024 च्या जानेवारीत महिला ग्रामसभा आहे म्हणून तिला सांगितलं तर घरातूनच विरोध झाला: "औरतां का क्या काम?" अम्मीनंच तो मोडून काढला. बोअरचं पाणी आणायला बाया, रेशनच्या रांगेत बाया, मग सभेत का नको, असं तिचं साधं म्हणणं. आपा गेली, सोबत तीन जणी. परत आली तेव्हा हसत होती. अंगणवाडीतल्या पोषण आहारावर तिनं प्रश्न विचारला होता आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. "डरने का कुछ नै था," म्हणाली, "वो लोगां बी हमारे जैसेच बैठे थे." नंतर मोठ्या सभेत तोच विषय निघाला, कारण तिनं तो लिहून घेतला होता.

भीतीबद्दल मात्र मी हलकं बोलणार नाही. 9 डिसेंबर 2024 ला आपल्याच जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून करण्यात आला. गावचा कारभार करणाऱ्या माणसाचं हे झालं. त्यानंतर काही महिन्यांत, 30 मार्च 2025 च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसल्याच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. अशा जिल्ह्यात अब्बा "तू पुढे पुढे करू नको" म्हणतात तेव्हा त्यांना भेकड म्हणायची माझी लायकी नाही. म्हणून एकट्यानं उभं राहू नका असंच मी सांगतो. सहा जण जा. दुसऱ्या वस्तीतले सहा सोबत घ्या. विषय लेखी द्या, भांडणाच्या सुरात बोलू नका. कुणाच्या नावानं आरोप करण्यापेक्षा कागद मागा. ठरावाची नक्कल माहितीच्या अधिकारात मिळते, आणि गावाचा आराखडा व खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही घरबसल्या बघता येतो. आमच्या गावचा मी पहिल्यांदा उघडला तेव्हा एक काम पूर्ण दाखवलं होतं, ते मी शोधत फिरलो. सापडलं, पण दुसऱ्याच गल्लीत.

2022 पासून राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, वर्षानुवर्षं निवडणुका लांबल्या. त्या काळात वरच्या पायरीवर आपला प्रश्न विचारायला लोकांचा माणूसच नव्हता. ग्रामसभा मात्र त्या काळातही ठरलेल्या तारखांना बोलवावीच लागत होती.

हॉटेलातल्या त्या पोरानं, "उनका चलता रहता" म्हणणाऱ्यानं, मागच्या आठवड्यात मला फोन केला. त्याच्या गल्लीतली नाली तीन महिन्यांपासून तुंबलीय, मशिदीच्या वजूखान्यापर्यंत पाणी येतंय, कुणाला भेटायचं, असं विचारत होता. मी त्याला कुणाचंही नाव सांगितलं नाही. 2026 चा 1 मे शुक्रवारी येतो, एवढं सांगितलं. सभा सकाळी असेल, जुम्म्याला भरपूर वेळ आहे. अर्ज दोन प्रतींत करायचा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. "लिखना कैसे?" म्हणाला. मी आमच्या अर्जाचा फोटो पाठवला. त्यानं नाव बदलून लिहिला आणि परत फोटो पाठवला. खाली सह्या करायला जागा सोडली होती, तीन ओळींची. मी म्हणालो, आणखी जागा सोड.